कोर्टाकडून मिळणारा मोफत वकील कुणी घेतलाय का? (सासऱ्याच्या जमिनीत सुनेचं नाव)

दुधनाकाठ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इथं वाचते रोज, लिहिते कमी. आज मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

मी झेडपीच्या शाळेवर आहे. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाची आई रोजानं जाते. आत्ता कापूस वेचणीला, ती संपली की हरभऱ्याच्या कामाला. नवरा २०१९ साली विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. दोन लेकरं. गेल्या वर्षी भादव्यात सासराही वारला. सासऱ्याच्या नावावर तीन एकर होती. दिरानं वारसाचा फेर (सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची नोंद) करून घेतला, त्यात स्वतःचं आणि आईचं नाव लावलं. हिचं नाव नाही, लेकरांचं नाही, नणंदेचंही नाही. हिला हे कळलं कधी? दिरानं जमीन विकायला काढून इसार घेतला तेव्हा. संक्रांतीनंतर खरेदीखत आहे म्हणतात.

मी म्हटलं, कोर्टात जाऊ. ती म्हणाली, "बाई, वकील पन्नास हजार मागतोय म्हणे. तेवढे असते तर लोकाच्या वावरात कामून वाकले असते?"

आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात "तालुका विधी सेवा समिती" असा फलक पाहिलाय. मोफत वकील मिळतो असं त्यावर लिहिलंय. माझे प्रश्न असे: हा वकील फक्त फौजदारीत, आरोपीला मिळतो की जमिनीच्या दाव्यालाही? कागद काय लागतात? आणि मुख्य म्हणजे तो मनापासून काम करतो का? ऐकीव नको, ज्यांनी घेतलाय त्यांनी सांगा.

जोंधळा | रविवार, रात्री ९:३२

ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं जुनी माणसं म्हणायची ते उगाच नाही. आमच्या चुलत्यांचा बांधाचा दावा एकोणीस वर्षं चालला. चुलते गेले, समोरचा गेला, आता पोरं तारखेला जातात. पैशाचा वकील असून ही गत. बिनपैशाचा काय दिवे लावणार? गावातल्या चार जाणत्या माणसांना बसवा, दिराला समजावा, काहीतरी पदरात पाडून घ्या.

मुळाक्षर | रविवार, रात्री ९:४१

१५१००. विधी सेवेचा हा नंबर टोल फ्री आहे, देशभर चालतो. आधी फोन तर लावा.

काळा_कोट | रविवार, रात्री १०:२५

मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्यात वकिली करतो आणि विधी सेवेच्या पॅनेलवर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

दुधनाकाठ ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ हो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७चा. अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ला, म्हणून तर ९ नोव्हेंबरला कोर्टात विधी सेवा दिन असतो. दिवाणी असो की फौजदारी, मदत दोन्हीला आहे. कोणाला मिळते ते कलम १२ मध्ये आहे आणि त्यातला एकच मुद्दा तुमच्या बाईंसाठी पुरेसा आहे: स्त्री असली की उत्पन्नाची अट नाही. लेकरांनाही नाही. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं, वेठबिगारीत अडकलेली, कारखान्यातले कामगार, यांनाही उत्पन्न विचारत नाहीत. पूर, दुष्काळ, भूकंप यांत होरपळलेलेही त्यात आहेत. बाकीच्यांना वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न हवं. रोजानं जाणारा कुठला माणूस त्यात बसणार नाही?

तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी लोक महिनाभर हेलपाटे घालतात. कायद्यात (कलम १३) असं आहे की अर्जदाराचं शपथपत्र पुरेसं मानता येतं, त्यावर शंका घ्यायला कारण असेल तरच पुढची चौकशी. आणि तुमच्या बाईंना तर त्याचीही गरज नाही.

वकिलाची फी नाही, कोर्ट फी नाही, समन्सचा खर्च नाही, टायपिंग-नकलांचा खर्च नाही. महाराष्ट्रात स्त्रियांना मालमत्तेच्या दाव्यात कोर्ट फी तशीही माफ आहे, १९९४च्या अधिसूचनेनं. हे बऱ्याच वकिलांनाही पक्षकाराला सांगायचं लक्षात राहत नाही.

आता तुमच्या प्रकरणाबद्दल. सासऱ्याच्या आधी वारलेल्या मुलाची बायको आणि मुलं हे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस. जमीन सासऱ्याची स्वकष्टाची असेल तर चार हिस्से पडतील: सासू, दीर, नणंद आणि वारलेल्या मुलाची शाखा, म्हणजे या बाई आणि दोन लेकरं मिळून एक. वडिलोपार्जित असेल तर गणित बदलतं, पण हिस्सा आहेच. फेरफार झाला म्हणजे मालकी गेली असं कधीच नसतं. सातबारा ही महसुलाची नोंद आहे, मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं.

करायचं काय? वाटणीचा दावा, सोबत निशाणी ५चा अर्ज, म्हणजे जमीन विकू नये म्हणून तूर्तातूर्त मनाई. संक्रांतीची वाट पाहू नका. दावा दाखल करून त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं नोंदवली, की त्यानंतर कुणी जमीन घेतलीच तरी तो खरेदीदार दाव्याच्या निकालाला बांधील राहतो.

जोंधळा | रविवार, रात्री १०:४०

साहेब, कायदा पटला. पण माझा प्रश्न तोच आहे. पॅनेलवरच्या वकिलाला सरकार किती देतं? तेवढ्यावर तो तिच्यासाठी उभा राहील का?

काळा_कोट | रविवार, रात्री १०:५८

जोंधळा भाऊ, मानधन कमी आहे आणि उशिरा मिळतं, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू. काही जण त्यामुळे अशी कामं मागं ठेवतात. पण काही जण नीट चालवतात, माझ्या ओळखीचे असे बरेच आहेत. पक्षकाराच्या हातात काय आहे तेही सांगतो: पॅनेलमधला अमुक वकील द्या असं अर्जात सुचवता येतं, आणि नेमलेला वकील लक्ष देत नसेल तर बदलून मागता येतो.

तेरणेची_लेक | सोमवार, सकाळी ६:५०

बदलून मिळतो, मी घेतलाय म्हणून सांगते.

माझा पोटगीचा आणि घरात राहण्याच्या हक्काचा अर्ज होता. गाव, तालुका सांगत नाही. नेमून दिलेले पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. तिसऱ्या तारखेला आले आणि व्हरांड्यात म्हणाले, "झेरॉक्सला, कारकुनाला म्हणून दोन हजार द्या." मी तेव्हा शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होते, ४० रुपयाला एक. दोन हजार म्हणजे किती ब्लाउज ते मी उभ्या उभ्या मोजलं. पैसे दिले नाहीत. घरी येऊन रडले, हेही सांगते.

मग आमच्या गावातल्या अंगणवाडीच्या ताईंनी साध्या कागदावर अर्ज लिहून दिला, जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावानं. काय घडलं, कोणत्या तारखेला, किती पैसे मागितले. सचिव न्यायाधीशच असतात. त्यांनी मला बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं, विचारलं आणि दुसरा वकील दिला. एक बाई दिल्या. त्यांनी माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही. अकरा महिन्यांत आदेश झाला.

तर दुधनाकाठ ताई, दोन्ही खरं आहे. पहिला तसा निघाला म्हणून परत जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं. आणि पैसे मागणं हे नियमाबाहेर आहे हे आधीच तिच्या कानावर घाला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

काळा_कोट | सोमवार, सकाळी ८:१५

तेरणेची_लेक ताई, तुम्ही केलं ते अगदी बरोबर. विधी सेवेच्या वकिलानं पक्षकाराकडून रोख किंवा वस्तू काहीही घेणं नियमांनुसार मनाई आहे. अशा तक्रारी येत नाहीत म्हणून तसल्यांचं फावतं.

खासरा५४ | सोमवार, सकाळी ९:०५

महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. चावडीवर आयुष्य गेलं, म्हणून फेरफाराच्या बाजूनं लिहितो.

वारसाचा फेर असा परस्पर मंजूर व्हायला नको. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज आला की नोंद पेन्सिलीनं धरायची, चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, १५ दिवसांत हरकत आली तर तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि मग मंडळ अधिकाऱ्यानं निर्णय करायचा. आता पेन्सिल गेली, संगणक आला, पण क्रम तोच. गडबड होते ती वारसांच्या यादीत. घरातला एकजण येतो, शपथेवर सांगतो की आम्ही एवढेच वारस. वारलेल्या भावाची बायको मजुरीला गेलेली, तिला नोटीस कोण देतं? मी स्वतः अशा नोंदी थांबवल्यात आणि माझ्या हातून काही निसटल्याही असतील. त्याचं आज वाईट वाटतं.

बाईंनी आधी सातबारा आणि त्या फेराची नक्कल काढावी. फेर मंजूर झाल्याची तारीख बघावी. उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अपील होतं, मुदत ६० दिवसांची. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा, नोटीसच मिळाली नाही हे कारण त्यात स्वच्छ लिहायचं.

आणि जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टाची हे ठरवायला मागचं रेकॉर्ड लागेल. मराठवाड्यात ते निजामाच्या अमलापर्यंत जातं. १९५४-५५चं खासरा पत्रक बघायचं. त्याच्या मागं गेलात तर उर्दू आणि मोडी. आजकाल ते वाचणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी राहिलीत.

माळवद | सोमवार, सकाळी ९:२०

काका, आता तुमच्या नावाचा अर्थ लागला. मी आजवर तुमचं वय ५४ समजत होतो.

खासरा५४ | सोमवार, सकाळी ९:३१

वय एक्काहत्तर, बाळा.

रानपाखरू | सोमवार, सकाळी १०:४८

जरा बाजूचं विचारतो. शेजाऱ्यानं वहिवाटीचा रस्ता जेसीबी लावून खणून टाकलाय. सोयाबीनच्या कट्ट्या डोक्यावर आणाव्या लागल्या. यालाही मोफत वकील मिळतो का? की तहसीलचं काम म्हणून मिळत नाही?

काळा_कोट | सोमवार, सकाळी ११:३०

मिळतो. कायद्यातल्या "विधी सेवे"च्या व्याख्येत कोर्टासोबत इतर प्राधिकरणं आणि न्यायाधिकरणंही येतात. म्हणजे तहसीलदार, प्रांत, ग्राहक आयोग, सगळं आलं. लोकांना वाटतं फक्त न्यायाधीशापुढंच.

चालू रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडं दावा. ही मुदत चुकवू नका, बहुतेक जण "बोलून बघू" म्हणत तिथंच चुकतात. रस्ता मुळात नव्हताच आणि नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३, त्यात बांधावरून मिळतो.

रानपाखरू | सोमवार, सकाळी ११:३६

पाच महिने होत आले की हो! उद्याच जातो.

बालाघाट | सोमवार, दुपारी १:२०

जोंधळा भाऊंसाठी लिहितोय हे.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दसऱ्याच्या आसपास मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (गाळप संपेपर्यंत) कोपीत राहायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एका सालाला ८० हजारांची उचल होती. जानेवारीत वडिलांना कावीळ झाली, दोघं गावाकडं आले. मुकादमानं हिशेब केला तो असा: अर्ध्या हंगामाच्या तोडीचे पैसे वजा केलेच नाहीत, वर प्रत्येक दिवसाचा खाडा लावला. ८० हजाराचे एक लाख दहा हजार झाले. वडिलांनी उचल घेताना शंभराच्या स्टॅम्पवर अंगठा दिलेला होता. मुकादम दारात येऊन म्हणायचा, बैल सोडून नेतो. मग एके दिवशी वकिलाची नोटीस आली. आईनं ती चुलीजवळच्या फळीवर ठेवली. कुणाला वाचता येत होती?

मी तेव्हा अकरावीला, वसतिगृहात. सुट्टीला आलो तर नोटिशीला दीड महिना झालेला. मास्तरांनी सांगितलं म्हणून आईला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेलो. विधी सेवा समितीचा अर्ज एक पानी, तो मीच भरला. जे वकील दिले ते वयस्कर होते, हळू बोलायचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाड्यांचा हिशेब आहे का?" आईनं पिशवीतून वही काढली. आईला लिहिता येत नव्हतं, पण रोज किती गाड्या भरल्या त्याच्या रेघा ती ओढून ठेवायची. पाच रेघांचा एक जुडगा. वकिलांनी त्या रेघा मोजल्या, टनाचा दर लावला, नोटिशीला उत्तर दिलं. पुढं लोकअदालतीत ते दाखलपूर्व प्रकरण म्हणून बसलं. शेवट १९ हजारांवर मिटलं, तेही चार हप्त्यांत. बैल दारातच राहिले.

त्या वकिलाला आम्ही एक पैसा दिला नाही. आई पुढं दोन वर्षं संक्रांतीला त्यांच्याकडं तीळगूळ घेऊन जायची, तो तेवढा त्यांनी घेतला.

जोंधळा | सोमवार, दुपारी १:४४

बालाघाट भाऊ, आईची वही वाचून डोळ्यात पाणी आलं. माझा शब्द मागं घेतो असं म्हणत नाही, चुलत्यांचा दावा मी डोळ्यानं पाहिलाय. पण तुमचंही खरं आहे.

काळा_कोट | सोमवार, दुपारी २:३०

बालाघाट, एक भर. उचलीपायी मजुराला दुसरीकडं जाता येत नाही, हलता येत नाही, मजुरी नाममात्र, अशी परिस्थिती असेल तर तो वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६चा विषय होतो. त्यात बसलं तर ते कर्जच कायद्यानं संपतं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं. प्रत्येक उचल त्यात बसते असं नाही, पण बसते का हे तपासायला वकील लागतो आणि तो मोफत मिळतो.

पुण्यातला_मराठवाडी | सोमवार, सायंकाळी ७:१५

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो. भावकीतलं भांडण कोर्टात नेलं की घर संपलं. माझ्या आत्यानं आजोबांच्या जमिनीत हिस्सा मागितला. मिळाला. पण वडिलांनी पुढं तिचं तोंड पाहिलं नाही. आमच्याकडं दिवाळीला आत्या नाही, दारावर भाऊबीज नाही. तिला मिळालेल्या सव्वा एकरानं ते भरून निघालं का? गावकीत मिटवता आलं असतं.

तेरणेची_लेक | सोमवार, सायंकाळी ७:४०

दादा, आत्यानं माहेर तोडलं की वडिलांनी? हिस्सा तिचाच होता ना? २००५च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो जन्मानंच आहे, २००५ला बाप जिवंत असो की नसो. राखीपौर्णिमेला बोलावून हक्कसोड करून घेतात आमच्याकडं, वर एक साडी. त्याला नातं म्हणायचं?

आणि दुधनाकाठ ताईंच्या बाईचं नातं कोणतं वाचवायचं आहे? दिरानं तिला आणि सख्ख्या पुतण्यांना कागदावरून पुसलंय.

पुण्यातला_मराठवाडी | सोमवार, रात्री ८:३०

तुमचा प्रश्न बरोबर आहे ताई. वडिलांनी तोडलं. मी हे असं कधी मांडून पाहिलं नव्हतं. आत्याला फोन करतो.

कयाधू | सोमवार, रात्री ९:५०

उशिरा पोचले. मी विधी स्वयंसेवक आहे, तीन वर्षं झाली. म्हणजे वकील नाही, गावात फिरून माहिती द्यायची, अर्ज भरून द्यायचे, माणसाला कोर्टाच्या दारापर्यंत न्यायचं.

सगळी चर्चा वकील चांगला की वाईट यावर चाललीय. माझा अनुभव सांगतो की अडतं त्याच्या आधी. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात बायका दुसऱ्यांदा येत नाहीत. का? तारखेचा दिवस म्हणजे मजुरीचा खाडा. एसटीचं अर्धं तिकीट झाल्यापासून जाण्यायेण्याचा भार कमी झालाय, ते मोठंच काम झालं. पण दिवस तर जातोच. सकाळी साडेदहाला पुकारा होईल म्हणून बसायचं, चारला कळतं की पुढची तारीख. टोळीची मुकादमीण म्हणते, तुझं रोजचंच आहे, उद्यापासून दुसरी बघते. वेचणीच्या दिवसांत तर हमखास. कपाशी फुटली की ती थांबत नाही आणि कोर्टही थांबत नाही.

दुसरं, एकटीनं जायची भीती. काळ्या कोटाची, शिपायाची, इंग्रजी शिक्क्याची. सोबत कुणी असलं की तीच बाई न्यायाधीशापुढं नीट बोलते. मी पाहिलंय.

म्हणून दुधनाकाठ ताई, तुम्ही विचारलंत की कागद काय लागतात. आधार, रेशनकार्ड, नवऱ्याचा आणि सासऱ्याचा मृत्यू दाखला, लेकरांचे जन्माचे दाखले किंवा शाळेचा निर्गम उतारा (तो तर तुमच्याच हातात), सातबारा, फेराची नक्कल. एवढं घेऊन जा. आणि तुम्ही सोबत जा. किमान पहिल्या दोन वेळा.

वकिलाला एक विनंती पहिल्याच दिवशी करायची: जिथं तिची हजेरी लागणार नाही त्या तारखेला तिला बोलावू नका. दिवाणी दाव्यात बहुतेक तारखा वकिलावर भागतात. साक्षीला, तडजोडीला ती हवी. हे सांगितलं नाही तर ती बापडी प्रत्येक तारखेला उन्हात बसून राहते.

दुधनाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

किती लिहिलंत सगळ्यांनी. कयाधू ताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गुरुवारी किरकोळ रजा टाकते आणि जाते तिच्याबरोबर.

एक शंका. शेजारचे एक जण म्हणतात, लोकअदालतीत टाका, एका दिवसात निकाल. हे बरं का?

काळा_कोट | सोमवार, रात्री १०:४४

बरं आहे, पण डोळे उघडे ठेवून. लोकअदालतीचा निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामाच. त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. दोन्ही बाजू खरोखर राजी असतील तर याच्याइतकं चांगलं काही नाही, वाटणीचे किती तरी दावे तिथं सुखानं मिटतात.

पण अपील नाही याचा अर्थ नीट समजून घ्या. "दहा गुंठे घे आणि सही कर" म्हणून तिथं घाई झाली आणि तिनं सही केली, तर नंतर फारसं काही करता येत नाही. तडजोड मान्य नसेल तर नाही म्हणायचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि नाही म्हटल्यानं दावा कमजोर होत नाही, तो पुढं चालतो. आधी मनाई हुकूम पदरात, मग तडजोडीची बोलणी. विक्रीचा धाक डोक्यावर असताना बसलेली माणसं कमी घेऊन उठतात.

जोंधळा | सोमवार, रात्री ११:०२

हे अगदी बरोबर. आमच्या चुलत्यांना एकदा चांगली तडजोड आली होती, त्यांनी नाकारली आणि एकोणीस वर्षं गेली. आणि एका भाच्यानं घाईत सही केली, तो आजही हळहळतो. दोन्ही बघितलंय.

माळवद | मंगळवार, सकाळी ८:००

आमच्याकडं सप्टेंबर २०२५च्या पुरात वावरातली मातीच वाहून गेली. विम्याचं, नुकसानीचं कुणाचं काही अडलं असेल तर वर साहेबांनी लिहिलेलं लक्षात ठेवा, पूरग्रस्ताला उत्पन्न न बघता वकील मिळतो. मला हे आज कळलं.

दुधनाकाठ | गुरुवार, सायंकाळी ६:४०

जाऊन आले. घडलं तसं लिहिते.

सकाळी सातच्या गाडीनं निघालो. तिनं कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर पदर गुंडाळून घेतलेले. समितीचं कार्यालय कोर्टाच्या मागच्या बाजूला, एक खोली. तिथल्या कारकुनांनी आधी उत्पन्नाचा दाखला मागितला. मी म्हटलं, कलम १२, स्त्रीला अट नाही. त्यांनी फाईल उघडून पाहिलं आणि "बरोबर आहे मॅडम" म्हणाले. भांडावं लागलं नाही. अर्ज मराठीत, एक पान. तिनं स्वतः सही केली, सातवीपर्यंत शिकलीय ती.

दुपारी समितीचे अध्यक्ष, म्हणजे न्यायाधीश साहेब, पाच मिनिटं बोलले. त्यांनी तिला विचारलं, जमीन सध्या कोण कसतं? ती म्हणाली, "दीर. पण नवरा होता तवर बांध आम्हीच घातलेला." वकील म्हणून एक तरुण मुलगी मिळाली. तिनं लगेच फेराची नक्कल वाचली. फेर मंजूर होऊन ५२ दिवस झालेत. खासरा काका, तुमचे ६० दिवस! अपील या आठवड्यातच टाकायचं ठरलं, आणि दाव्याचा कच्चा मसुदा सोमवारी. तारखेला विनाकारण बोलावू नका, हेही सांगितलं. ती वकील म्हणाली, "माझी आई पण रोजानं जायची, मला माहिती आहे."

आणि एक गोष्ट घडली. परत येताना बसस्टँडवर नणंद भेटली. तिच्या कानावर गेलं होतं. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "वहिनी, माझंबी नाव वगळलंय. मला सांगितलं असतं तर मी आधीच आले असते." आता ती दाव्यात सोबत यायला तयार आहे.

तेरणेची_लेक | गुरुवार, सायंकाळी ६:५२

नणंद सोबत आली म्हणजे अर्धं काम झालं! फार फार आनंद झाला.

काळा_कोट | गुरुवार, सायंकाळी ७:३०

उत्तम. नणंद वादी नंबर ४ होऊ शकते, तिलाही उत्पन्नाची अट नाही, तिचाही अर्ज भरून घ्या. इसार देणाऱ्यालाही प्रतिवादी करायला सांगा, म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा राहणार नाही. आणि पुढचं आत्ताच सांगून ठेवतो: शेतजमिनीच्या वाटणीचा हुकूमनामा झाला तरी प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५४. तिथंही पाठपुरावा लागतो. तेव्हाही विधी सेवा घेता येते, निकालाच्या दिवशी फाईल बंद करू नका.

दुधनाकाठ | गुरुवार, रात्री ८:१५

हो साहेब, लिहून ठेवलं. एक अडचण राहिलीय. दीर म्हणतो जमीन वडलांनी स्वतः घेतलेली. सासूबाई म्हणतात त्यांच्या सासऱ्यापासूनची. घरात पत्र्याच्या पेटीत एक जुना कागद निघालाय, उर्दूत. वकील मॅडमना वाचता येत नाही, आमच्या तालुक्यात वाचणारं कुणी सापडेना.

खासरा५४ | गुरुवार, रात्री ८:२८

फोटो इथं टाकू नका, त्यावर नावं असतील. मला खाजगी निरोपात तालुका कळवा. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस आहे, पाहणी पत्रक असेल तर तासाभरात वाचून देतो. कोर्टात द्यायला अधिकृत भाषांतर लागेल, त्याचा खर्च विधी सेवेकडून मागता येईल, पण आधी त्यात काय आहे ते तर कळू द्या. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, माझ्याही नाही. बाईंनाच घेऊन येऊ द्या.

दुधनाकाठ | गुरुवार, रात्री ८:४०

काका, निरोप पाठवलाय. रविवारी तिला सुट्टी मिळेल, टोळीतली शेजारीण तिच्या वाट्याची सरी वेचते म्हणाली. पण तुम्ही एवढ्या लांब कसे येणार?

खासरा५४ | गुरुवार, रात्री ८:४७

७५ला अजून चार वर्षं आहेत, तोवर अर्धं तिकीट लागतं. सकाळी साडेसहाची गाडी आहे, साडेनऊला तुमच्या स्टँडवर उतरतो. भिंग घेऊन येतो.